घरचें मद्य आणि दरबारचा कायदा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी-मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडल्यावर चाकण लागतें. शाळेंतील इतिहासांत चाकणचें नांव येतें तें संग्रामदुर्गाच्या वेढ्यासाठीं. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर शिबंदी घेऊन शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेस जवळजवळ दोन महिने येथें थोपवून धरलें. त्या भुईकोटाचे कांहीं पडके बुरूज व तटाचे तुकडे अद्याप उभे आहेत. आणि आजूबाजूस, जेथें पूर्वीं ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं, तेथें मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत. हें चाकण ज्या खेड तालुक्यांत मोडतें, त्या तालुक्याची आणखी एक नोंद इतिहासांत आहे. ती लढाईची नाहीं. ती एका पाटलाच्या दारूची आहे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवर जो प्रस्तावनारूप निबंध लिहिला, त्यांत ही हकीकत थोडक्यांत दिलेली आहे. खेड तालुक्यांतील एक सधन मराठा पाटील मद्याच्या आहारीं गेला होता. मामलेदारानें त्यास समज दिली आणि व्यसन न सोडल्यास निम्में इनाम जप्त होईल असें बजाविलें. पाटलानें तिकडे दुर्लक्ष केलें. तेव्हां बोलल्याप्रमाणें त्याच्या इनामाचा अर्धा भाग सरकारजमा झाला. वतनाच्या चतकोर तुकड्यासाठीं भाऊ भावाच्या जिवावर उठत असे, अशा काळांतील ही शिक्षा आहे. दंड भरून मोकळें होतां येईल असें तें प्रकरण नव्हतें.

पेशवाईंत दारूबंदी होती, एवढें पुष्कळांच्या ऐकिवांत असतें. ती कशी होती हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. मद्य गाळणें व विकणें यांस सामान्यतः मनाई होती. नाशिक प्रांतांतील कांहीं धर्माधिकारी ब्राह्मणांवर मद्यपानाचा आरोप आला व ते कबूल होईनात, तेव्हां त्यांस किल्ल्यांवर कैदेंत टाकण्यांत आलें. परंतु वसई १७३९ सालीं हातीं आल्यावर त्या किनाऱ्यावरील भंडारी, कोळी इत्यादि लोकांस मद्यावांचून चालणार नाहीं, हें राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आलें व त्यांच्यापुरती बंदी सैल करण्यांत आली. ब्राह्मण, प्रभु व सरकारी अंमलदार यांच्यासाठीं ती तशीच कडक राहिली. आणखी एक सवलत विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पेशव्यांच्या तोफखान्यावर जे देशी ख्रिस्ती शिपाई व अंमलदार होते, त्यांना स्वतःच्या उपयोगासाठीं भट्टी लावण्याची परवानगी होती. अट एकच: गाळलेलें मद्य दुसऱ्या कोणास विकावयाचें नाहीं.

या अटीपाशीं क्षणभर थांबावें. ज्याला पिण्याची मोकळीक, त्याला घरीं करण्याचीहि मोकळीक. विक्री मात्र निषिद्ध. पेशव्यांचा न्याय जातपात पाहणारा होता, हें उघड आहे, आणि त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. तथापि मद्य ही बाजारांत मांडावयाची वस्तु नव्हे, ही त्यामागची दृष्टि स्पष्ट होती. पुढील शंभर वर्षांत ही दृष्टि नेमकी उलटी झाली. विक्रीस परवाना मिळाला आणि घरीं करणें हा गुन्हा ठरला. हा पालट कसा झाला, याची हकीकत पाटलाच्या हकीकतीहून मोठी आहे.

त्याआधीं मद्य घरीं होतें तरी कसें, हें पाहिलें पाहिजे. आंबविणें ही मनुष्याच्या फार जुन्या विद्यांपैकीं एक आहे आणि ती बहुतेक ठिकाणीं स्वयंपाकघरांत वाढली. गोड रस किंवा शिजलेलें धान्य उघडें राहिलें, तर हवेंतील व फळाच्या सालीवरील सूक्ष्म किण्वजीव त्यांतील साखरेवर पोसतात. साखरेपासून मद्यार्क तयार होतो व एक वायु बुडबुड्यांच्या रूपानें निघून जातो. द्राक्षांत, उसांत, ताडीच्या रसांत साखर आयतीच असते. धान्यांत ती पिठूळ रूपानें कोंडलेली असते; म्हणून युरोपांत जवाला मोड आणून, वाळवून, दळून मग त्याचा काढा आंबवितात. मोड येतांना धान्य स्वतःच आपल्या पिठाची साखर करूं लागतें. बिअर ती हीच. तिला कडवटपणा व टिकाऊपणा यावा म्हणून हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालतात. नाचणीचें वा बाजरीचें आंबील रात्रभर ठेवणारी मराठी गृहिणी आणि जवाचा काढा झांकून ठेवणारी इंग्लंडांतील गृहिणी यांच्या मडक्यांत आरंभीं घडतें तें फारसें वेगळें नसतें. एकीचें मडकें आंबट होऊं लागतांच चुलीवर चढतें, दुसरीचें कांहीं दिवस तसेंच राहतें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. त्यांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक नांवाच्या मद्याचें प्रमाण तेथें दिलें आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे विरजण; तें उडीद व तांदूळ यांपासून करीत. इडलीचें पीठ रात्रीं भिजवून ठेवणाऱ्या घरांत हें वाचून कोणाला नवल वाटूं नये. कौटिल्य मोठा करडा अर्थशास्त्री. मद्याचा धंदा त्यानें सरकारी देखरेखीखालीं आणला, दुकानांत हेर बसविले, सरकारी मालाखेरीज इतर माल विकणाऱ्यावर कर बसविला. पण तोहि कुटुंबवत्सल गृहस्थाला घरच्या कार्यप्रसंगीं पांढरी सुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव, मेळे व यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची सूट देतो. राज्याचा पैसा कोठें सोडावयाचा नाहीं हें ज्याला पुरतेपणीं ठाऊक होतें, त्यानेंहि घरचें मडकें कायद्याबाहेर ठेविलें.

महाराष्ट्रांत घरगुती मद्याचें खरें माहेर सह्याद्रीच्या खालीं आहे. खेड तालुक्याचा पश्चिम कडा भीमाशंकरापाशीं एकदम तुटतो आणि खालीं जुन्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांचा रानवट मुलूख पसरतो. तेथें ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे गळूं लागतात. बायका-मुलें झाडाखालची जागा आधींच झाडून घेतात व उजाडतांना फुलें वेंचतात. फूल मांसल, मधासारखें गोड; वाळलेल्या फुलाचें निम्म्याहून अधिक वजन साखरेचेंच असतें. दुष्काळांत तें भाजून, उकडून खातात. वर्षभर तें घरांत राहतें, आणि बारसें, लग्न, दैवत, दिवस यांपैकीं कांहीं निघालें म्हणजे त्यांतलीं चार मापें पाण्यांत भिजत पडतात. चार-सहा दिवसांत तें पाणी उकळल्यासारखें फसफसतें आणि मग शांत होतें. मग तें मडक्यांत घालून खालीं मंद जाळ करावयाचा, वरतीं दुसरें भांडें पालथें घालून सांधे मातीनें लिंपावयाचे, नळीवाटे येणारी वाफ थंड पाण्यांत बुडविलेल्या भांड्यांत धरावयाची. मद्यार्क पाण्याच्या आधीं, सुमारें ७८ अंश उष्णतेवर उकळतो, म्हणून तो आधीं निघतो. थेंब थेंब जमणारी ती दारू पहिल्या प्रथम देवाला व पूर्वजांना वाहण्याची चाल आहे. गोव्यांत काजूच्या बोंडांचें असेंच करतात: पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हां गाळून फेणी. तेथील फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या साठ वर्षांत या घरच्या भट्टीकडे सरकारचें फारसें लक्ष गेलें नाहीं. तालुक्याचा वा जिल्ह्याचा मक्ता लिलावानें द्यावयाचा, मक्तेदारानें ठरलेली रक्कम भरावयाची, मग त्यानें काय वाटेल तें करावें, अशी ती पद्धत होती. मक्तेदाराचीं माणसें रानांत हिंडून भट्ट्या मोडीत असतील, पण डोंगर मोठा आणि माणसें थोडीं. हा ढिला कारभार १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें संपला. जकात, मीठ, अफू व आबकारी या खात्यांचे कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड हे त्याचे मुख्य सूत्रधार. त्यांची योजना शिस्तीची होती: दारू गाळावयाची ती सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टींतच, तेथून बाहेर पडतांना तिच्या तीव्रतेप्रमाणें गॅलनवारी कर द्यावयाचा, विकावयाची ती परवानाधारक दुकानांतच. ताडीसाठीं छेदावयाच्या प्रत्येक झाडावर कर बसला. मुंबईला पुरवठा करणाऱ्या उरणच्या भट्ट्यांस तेव्हांपासून विशेष भरभराट आली. फूल रानांतलें, भट्टी उरणची, दुकान पुन्हां रानाच्या तोंडाशीं, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर पैसा.

प्रिचर्डसाहेबांचा हिशेब चुकत होता तो एकाच ठिकाणीं. फूल घरांत आहे तोंवर वारली दुकानांत कशाला जाईल? या प्रश्नाचें उत्तर १८९२ च्या मोहा कायद्यानें दिलें. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावर व विकण्यावरच निर्बंध घातले. ज्या वस्तूवर उन्हाळ्यांत पोट भरावयाचें, ती दारू होऊं शकते एवढ्यासाठीं झडतीचा विषय झाली. भंडाऱ्यांच्या माड-ताडांवर झाडपट्टी वाढली तशी त्यांची तक्रारहि वाढली. दुकानदार रोख मागे. नसेल तर उधार देई आणि उधारीपोटीं धान्य, गवत, शेवटीं जमीन. दारू पिण्याचें प्रमाण घटलें की वाढलें यावर तेव्हांचे अधिकारी व पुढारी वाद घालीत राहिले. पण जें पूर्वीं सणावारीं घरच्या फुलांतून होत होतें, तें आतां बाजारांतून विकत आणावें लागूं लागलें, यांत वादाला जागा नव्हती.

याच सुमारास विलायतेंत काय चाललें होतें हें पाहणें मौजेचें आहे. १८८० सालीं ग्लॅडस्टन यांनीं मोड आणलेल्या जवावरचा जुना कर काढून टाकला व तो बिअरवर बसविला. तेव्हां घरीं बिअर करणाऱ्या कुटुंबांचें काय करावयाचें असा प्रश्न निघाला. त्यांच्यासाठीं घरगुती परवाना काढण्यांत आला. बंदी घातली गेली नाहीं. तो परवानाहि १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनीं रद्द केला आणि तेव्हांपासून इंग्लंडांत घरच्या वापरासाठीं बिअर करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. एकाच साम्राज्याच्या मुकुटाखालीं दोन वर्षांच्या अंतरानें झालेले हे दोन कायदे आहेत. केंट परगण्यांतील शेतकऱ्याचें मडकें घरांत राहिलें, कर्जत तालुक्यांतील ठाकराचें फुटलें. बिअर नुसती आंबविलेली असते व मोहाची दारू गाळलेली असते, हा भेद खरा आहे. विलायतेंतहि घरीं गाळण्याची मोकळीक नाहीं. पण ताडी तर नुसतीच आंबलेली असते. ती गाळीत नाहींत. तिच्या झाडावर कर होताच.

आबकारीचें उत्पन्न वाढत गेलें तसें तें सोडणें सरकारला कठीण झालें. मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या खालोखाल हीच मोठी बाब होऊन बसली. पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं जोतीराव फुले यांनीं शहरांतील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. १९०८ सालीं पुण्यांत स्वयंसेवक दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरवूं लागले व टिळकांनीं त्या चळवळीचा पुरस्कार केला; सरकारनें ती मोडून काढली. १९२२ मध्यें ठाण्याच्या उत्तर भागांतून दक्षिण गुजरातेंत देवीची एक विलक्षण लाट गेली. अंगांत आलेल्या माणसांच्या तोंडून देवी दारू सोडण्यास सांगते आहे, असें मानून हजारों आदिवासींनीं कांहीं काळ दारूचा त्याग केला. त्यांनीं सोडली ती दुकानदाराची दारू आणि त्याबरोबर दुकानदाराची उधारी. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर आबकारी व शिक्षण हीं दोन्ही खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं आणि एकाचा खर्च दुसऱ्याच्या उत्पन्नावर अवलंबून राहिला. मुलांच्या शाळा बापांच्या पेल्यावर चालतात, ही गोष्ट गांधीजींना १९३७ सालीं फार जाचत होती. शिक्षकाच्या पगारांतला कोणता रुपया कोठून आला, हें त्या काळच्या कोणत्याहि शाळेंत शिकविलें जात नव्हतें.

पहिली दारूबंदी मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं आली, डॉ. गिल्डर हे तेव्हां आबकारी मंत्री होते. महायुद्धाच्या आरंभीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि ती सैल पडली. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत मोरारजी देसाई यांनीं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा केला. विकणें, बाळगणें, पिणें, करणें, सर्वांवरच बंदी आली. करण्यांत गाळणें व आंबविणें हा भेद राहिला नाहीं.

येथें एक अडचण उभी राहिली आणि ती सुशिक्षितांच्या घरांतून निघाली. प्रत्येक वैद्याच्या कपाटांत आणि बहुतेक ब्राह्मणी घरांच्या फडताळांत द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट यांच्या बाटल्या होत्या. आसव म्हणजे काय? द्राक्षांचा काढा, गूळ आणि धायटीचीं फुलें एका मडक्यांत घालून तोंड कापडमातीनें बंद करून महिनाभर ठेवावयाचीं. धायटीच्या फुलांवर किण्वजीव असतात. महिन्यानें मडकें उघडलें म्हणजे त्यांत शेंकडा पांच ते दहा मद्यार्क आपोआप झालेला असतो. म्हणजे चांगल्या बिअरइतका किंवा अधिकच. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या आजीबाईंना आपण मद्य पाजतों आहों असें कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं सांगणाऱ्याला उंबऱ्याच्या आंत घेतलें नसतें. पण रसायनशास्त्र उंबरा ओळखत नाहीं. बालसरा नांवाच्या मुंबईकर गृहस्थानें या कायद्याला आव्हान दिलें आणि १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मद्यार्कयुक्त औषधें व प्रसाधनें यांपुरता कायद्याचा कांहीं भाग रद्द ठरविला. बाकीचा कायदा उभा राहिला. द्राक्षासवाला न्याय मिळाला. मोहाच्या मडक्याच्या वतीनें न्यायालयांत उभें राहण्यास कोणी नव्हतें.

बंदीच्या वर्षांत मुंबईंत काय झालें तें सर्वश्रुत आहे. गोवेकर बायकांच्या खोल्यांत पडद्यामागें पेले भरूं लागले. त्या जागांना आंटीचे अड्डे हें नांव पडलें. खाडीकांठच्या दलदलींत भट्ट्या लागल्या, रबरी ट्यूबा व फुटबॉलचे फुगे भरून माल शहरांत येऊं लागला. घरची दारू घरांतून नाहींशी झाली नाहीं. ती घरची राहिली नाहीं एवढेंच. पूर्वीं करणारा व पिणारा एकाच अंगणांत बसत. आतां करणारा ओढ्याच्या झुडुपांत, नेणारा रात्रीं, विकणारा तिसराच, आणि पिणाऱ्याला पेल्यांत काय आहे हें कळण्याचा मार्ग नाहीं. फुलांच्या जागीं काळा गूळ व नवसागर आला. पंचनाम्यांत या आंबलेल्या पाण्याला कच्चें रसायन म्हणतात. एका अर्थीं शब्द अगदीं बरोबर आहे.

याची किंमत वेळोवेळीं द्यावी लागली. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. फुलांच्या, गुळाच्या वा धान्याच्या साध्या आंबवणींतून असलें विष निघत नाहीं. त्यांत मेथिल मद्यार्काचा अंश असला तर नाममात्र असतो. असे मृत्यु होतात ते कारखान्यांत वापरावयाचा मेथिल मद्यार्क स्वस्तांत मिळतो म्हणून दारूंत मिसळल्यामुळें. तो ६५ अंशांच्या जवळपास उकळतो, दिसण्यांत व वासांत साध्या मद्यार्कापासून ओळखूं येत नाहीं, आणि शरीरांत गेल्यावर त्याचें जें अम्ल होतें तें प्रथम डोळे घेतें. मालवणीचे मृत घरीं दारू करणारे नव्हते. ते स्वस्त पेला विकत घेणारे मजूर होते.

बंदी १९६३-६४ पासून सैल होत गेली, पुढें देशी दारूचीं दुकानें पुन्हां परवान्यानें उघडलीं. कायदा मात्र १९४९ चाच राहिला. आजहि महाराष्ट्रांत दारू पिण्यास कागदोपत्रीं परवाना लागतो, आणि रस्त्याकडेच्या पाटीवरील ‘परमिट रूम’ हे शब्द त्याचीच आठवण आहेत. चाकणच्याच रस्त्यानें आणखी उत्तरेस गेलें म्हणजे नारायणगांव लागतें. तेथें १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं द्राक्षांपासून फेसाळ मद्य करण्याचा कारखाना काढला आणि त्या मालाची युरोपांत निर्यात केली. २००१ सालीं सरकारनें द्राक्षमद्याला उत्तेजन देणारें धोरण आखलें. २००९ सालीं पुण्यांत जागेवरच बिअर करून पाजणारें दुकान निघालें. त्याचें नांव ‘डूलॅली’. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश. देवळालीच्या छावणींत विलायतेच्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेले गोरे शिपाई वेडावत, म्हणून इंग्रजींत वेड्याला तो शब्द लागला. देवळालीचें नांव सातासमुद्रांपलीकडे जाऊन पुण्यांत बिअरच्या पाटीवर परत आलें.

चाकणहून पुण्याकडे परततांना पिंपरींत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. १९५५ सालीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. प्रचंड टाक्यांत साखरेच्या पाण्यावर बुरशी वाढवावयाची व तिनें सोडलेलें औषध वेगळें करावयाचें, अशी ती क्रिया. जात वेगळी, फळ वेगळें, पण विद्या आंबविण्याचीच. पाश्चर यांनीं बिअरवरील आपला ग्रंथ १८७६ सालीं लिहिला तो फ्रान्सच्या बिअरवाल्यांचें नुकसान टाळण्यासाठीं. त्यांत केलेल्या निरीक्षणांनीं पुढें रोगजंतूंच्या शास्त्रालाच बळकटी आणली. त्यानंतर दोनच वर्षांनीं मुंबईचा आबकारी कायदा आला. एकीकडे मडक्यांत काय घडतें हें मनुष्यास प्रथमच नीट कळत होतें, आणि दुसरीकडे तें मडकें घरांतून उचललें जात होतें.

अमेरिकेंत १९२० पासून तेरा वर्षें संपूर्ण दारूबंदी होती. ती १९३३ सालीं उठली तेव्हां घरीं द्राक्षमद्य करण्यास मोकळीक मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाहीं. ती उणीव अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें १९७८ मध्यें भरून निघाली. प्रौढ माणसागणिक वर्षास शंभर गॅलन, कुटुंबास फार तर दोनशें, आणि विक्री अजिबात नाहीं. तोफखान्यावरील ख्रिस्ती शिपायास पेशव्यांनीं घातलेली अट तीच होती, हें कार्टर यांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनीं तर २०१३ पर्यंत वाट पाहिली. गाळण्याची मोकळीक तेथेंहि नाहीं, आणि ती नसण्यास आग, स्फोट व कर हीं तिन्ही कारणें आहेत.

येथें कोणी म्हणेल, घरोघर मडकीं चढलीं तर पाटील घरोघर निर्माण होतील. ही भीति हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. दारूनें संसार धुळीस मिळाले ते पाहिलेल्या बायकांनींच महाराष्ट्रांत बाटली आडवी करण्याचें मतदान मागून घेतलें. गांवांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं विरोधी मत दिलें तर परवान्याचें दुकान बंद होतें. पुष्कळ गांवांनीं तीं बंद पाडलीं. पण मत देतां येतें तें परवान्याच्या दुकानावर. ओढ्यांतील हातभट्टीला परवानाच नसतो, मग तो रद्द कोठून करणार? इंद्रायणीच्या व भीमेच्या कांठच्या गांवांत धाडी पडतात, पिंपें फोडतात, रसायन जमिनीवर ओततात, त्याच्या बातम्या वरचेवर येतात. कांहीं दिवसांनीं त्याच ओढ्यांत दुसरीं पिंपें बसतात.

मोहाचीं फुलें गोळा करणें, नेणें-आणणें व साठविणें यांवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं उठविले. भीमाशंकराच्या कड्याखालच्या वाड्यांतून फाल्गुन-चैत्रांत वेंचलेलीं फुलें आतां झडतीच्या भीतीवांचून घरांत राहूं शकतात. त्यांचे लाडू होतात, सरबत होतें, तीं बाजारांत विकलीं जातात. त्यांची दारू घरीं गाळावयाची म्हटलें, तर अद्याप १९४९ चा कायदाच लागू आहे.